दोन नंबरचं तळं

या पाण्याला केळीनं नाही म्हटलं होतं.
पानं कडेकडेनं जळत आली,
बोअरच्या तोंडाशी पांढरी साय धरली,
गुरंसुद्धा एक घोट घेऊन मान फिरवायची.
त्याच पाण्यात मी आता रोज मीटर बुडवते
आणि त्याचा खार उतरू नये म्हणून जपते.

समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर.
पिल्लं आली तेव्हा ट्रक चोपड्याच्या अलीकडे बिघडलेला,
पिशव्यांत पापणीच्या केसाएवढे जीव.
पिशव्या तासभर तळ्यावर तरंगू दिल्या,
मग तांब्या-तांब्यानं आमचं पाणी त्यांच्यात.
लोटनबाबा म्हणाले,
नव्या सुनेला असं कोणी घरात घेतलं असतं तर.
इंदूबाई हसल्या नाहीत.

समुद्राचं खारं आणि आमचं खारं एक नाही.
आमच्यात पोटॅश कमी, ते पोत्यांनी भरून काढायचं.
तरी चाळिसाव्या दिवशी जाळ्यात काही झिंगे आले
उडी मारली की तसेच आखडून राहणारे,
कंसासारखे.
एकच कंस. आत काही लिहिलेलं नाही.

पहाटे साडेपाच: प्राणवायू ३.८, सामू ७.९.
दुपारी तीन: सामू ८.७, पाणी नको इतकं हिरवं.
चाळणीत दाणा उरला. उद्या दोन किलो कमी.
सरासरी वजन अकरा ग्रॅम.
आतडी भरलेली, तपकिरी. एक पांढरं.
एक असलं तरी लिहायचं.

लोटनबाबा वही वाचत नाहीत.
तापीत चाळीस वर्षं जाळं फेकलेला माणूस
अंगठ्यानं तळाचा गाळ उकरतो, बोट नाकाशी नेतो.
"तळ कुजाले लागना."
दुसऱ्या दिवशी अमोनियाची नळी हिरवी होते.
कधी होत नाही.
तेव्हा आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

वैशाखाची अमावास्या.
अमावास्येला ते कवच टाकतात,
रात्रभर मऊ असतात, एकमेकांना खातात.
सुरतेचा व्यापारी फोनवर: उद्या गाडी पाठवतो.
मी म्हटलं, चार दिवस. कवच धरू दे.
तो म्हणाला, चार दिवसांनी भाव माझ्या हातात नसेल.

बांधावर खाटा टाकून आम्ही पंख्यांच्या आवाजात झोपतो.
पाहुणे कानांवर हात ठेवतात.
आम्हाला जाग येते ती शांततेनं.

पावणेतीन.
"उठ वं पोरी, पानी मुकं व्हई गयं."
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
बॅटरी मारली तर काठाला काठ
लाल ठिणग्या, शेकडो डोळे,
नुकतं अंग सोडून वर आलेले.
१.९.

गोळ्यांचा डबा मी दगडानं फोडला.
इंदूबाईंचा समाधान ट्रॅक्टर घेऊन आला,
पंपानं तळ्याचंच पाणी उचलून
उंचावरून तळ्यात पाडत राहिला.
इंदूबाई आणि मी कमरेएवढ्या पाण्यात,
हातात थापी, समोर धुणं नाही,
नुसतं पाणी बडवत होतो.
पायांना काहीतरी मऊ लागून जायचं.
खाली बघायचं नाही, असं ठरवल्यासारखं.
२.२. परत २.०. २.४.

पाचला वीज आली.

मेलेले हातानं मोजले: दोनशे सहा.
ओल्या कागदासारखे बोटांत सुटत होते.
दूर खड्डा करून चुना टाकला.
तळाला किती गेले ते चाळणी सांगेल,
परवा, किंवा नाहीच.

लोटनबाबांनी काठावरचं एक कवच उचललं,
मिशा होत्या, पाय होते, डोळ्यांवरची टोपी होती.
वहीवर ठेवून म्हणाले, "यामा कोनीच नही."
फोन वाजत होता.
मी ते कवच बाजूला सरकवलं आणि लिहिलं:
आज दाणा नाही. पोटॅश दोन पोती. गाडी नको.

दुपारी मिस्त्री आला.
जनरेटरच्या डिझेलमध्ये पाणी निघालं.
तेही लिहिलं.